डी पट्टीवरचं प्यादं

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एक जिंकलेला डाव बरोबरीत सोडला होता. समोर आठवीतला मुलगा होता. माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, त्याच्याकडे नुसता हत्ती. प्यादं सातव्या रांगेत पोहोचलेलं, माझा राजा त्याच्याही पुढे आठव्या रांगेत. वजीर व्हायला एक घर उरलं होतं आणि त्या घरात माझाच राजा उभा होता. राजा बाहेर काढला की तो मुलगा शह द्यायचा. दुसरीकडे वळवला की पुन्हा शह. लांब पळावं तर प्यादं एकटं पडायचं, म्हणून परत प्याद्यापाशी. असं करता करता तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, त्यानं घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं आणि अर्धा गुण घेऊन उठला. मी पटाकडे बघत बसून राहिले. घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं होतं हे आज सांगायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात मंडळात अण्णांनी मला तो शेवट पटावर मांडून दाखवला. अण्णा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

"राजा बाहेर काढायची घाई केलीस बघ तू," ते म्हणाले. "आधी हत्ती चौथ्या रांगेत आणायचा. मग राजा काढायचा. शह देऊ दे की त्याला किती द्यायचे ते. शेवटी आपला हत्ती मधे येऊन उभा राहतोय."

याला पूल बांधणं म्हणतात. स्थितीला नाव ल्युसेनाचं आहे. गंमत म्हणजे १४९७ साली छापलेल्या ल्युसेनाच्या ग्रंथात ही स्थिती नाहीच, ती पहिल्यांदा दिसते साल्व्हिओ या इटालियन लेखकाकडे, १६३४ मध्ये. अण्णांना ही सगळी सनावळी पाठ. मला त्या दिवशी सनांशी काही देणंघेणं नव्हतं. पावणेचारशे वर्षांहून जास्त काळ माणसांना माहीत असलेली गोष्ट मला माहीत नव्हती, एवढंच टोचत होतं. त्यानंतर महिनाभर रोज रात्री जेवणं झाल्यावर मी मुलीला समोर बसवायचे. तिच्याकडे काळा हत्ती, तिनं मनाला येतील तसे शह द्यायचे. ती कंटाळली की मी दोन्ही बाजू खेळायचे. बी पट्टीवर, सी पट्टीवर, एफ पट्टीवर, डावीकडून, उजवीकडून. (पटावरच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी नावं, आडव्या रांगांना एक ते आठ आकडे, आणि दोन्ही जोडून घराचं नाव, जसं डी४.) आणि मग दोन वर्षं तो शेवट माझ्या एकाही डावात आला नाही.

आला तो यंदा, मंडळाच्या पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत, चौथ्या फेरीला.

आम्ही सांगलीचे. इथे बुद्धिबळ म्हटलं की भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव निघतंच. त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे उन्हाळ्यात या गावात पट मांडले जातात हे बाहेरच्या खेळाडूंनाही ठाऊक असतं. माझं मंडळ त्या मानानं लहान. एका शाळेचा वरचा हॉल, बारा लाकडी टेबलं, गुंडाळायचे पट. मी मात्र खेळ शिकले त्याही आधी, आजोबांकडे, मिरजेच्या वाड्यात, आणि तोसुद्धा देशी पद्धतीचा. त्यात किल्लेकोट नाही. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. आणि प्यादं शेवटच्या रांगेत ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. म्हणून आजोबा वजिरापुढच्या प्याद्याला फार जपायचे. "हे पोरगं थेट दिवाण व्हायचं," असं म्हणायचे. त्यांच्यालेखी सगळ्यांत मानाचा विजय म्हणजे प्यादेमात, प्याद्यानं दिलेली मात. मला आजही डी पट्टीवरचं प्यादं पुढे सरकवताना त्यांचा हात दिसतो.

चौथ्या फेरीत मला पांढरी मोहरी मिळाली. समोर निवृत्त शिक्षक असलेले काका. माझ्यापेक्षा चांगला खेळ, मला दोनदा हरवलेलं. प्रत्येकी नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंदांची भर. दहाला घड्याळ सुरू झालं.

डी४, डी५, सी४, ई६. वजिराचा गँबिट, म्हणजे मी पुढे केलेलं सी प्यादं, नाकारून खेळायचा, ही काकांची नेहमीची पद्धत. चौथ्या चालीला मी सी प्याद्यानं डी५ वर मारलं, त्यांनी ई प्याद्यानं परत घेतलं. इथून जी प्याद्यांची रचना तयार होते तिला कार्ल्सबाद म्हणतात. वजिराच्या बाजूला माझी ए आणि बी अशी दोनच प्यादी, त्यांची ए, बी आणि सी अशी तीन. सरळ हिशेबानं जिथे आपली प्यादी कमी तिथे हल्ला करू नये. पण या रचनेत पांढऱ्यानं नेमकं तेच करायचं असतं. बी प्यादं बी४, बी५ असं पुढे ढकलायचं, सी६ वर मारामारी करायची, आणि त्यांच्या तीन प्याद्यांमधून एक लंगडं प्यादं मागे शिल्लक ठेवायचं. ते सी६ चं प्यादं मग उघड्या पट्टीवर उभं राहतं आणि त्याला राखायला दुसरं प्यादं नसतं. हा हल्ला सावकाश चालतो, बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो. मला मात्र फार आवडतो. त्यात तुम्ही कशासाठी झटताय हे पंधरा चाली आधी ठाऊक असतं.

विसाव्या चालीच्या आसपास तसंच झालं. बी प्याद्यांची मारामारी झाली, ए पट्टीवर हत्तींची एकेक जोडी गेली, पांढऱ्या घरांचे उंट गेले, माझा जी५ चा उंट मी त्यांच्या घोड्याला दिला. सी६ वर लंगडं प्यादं उभं. माझा वजीर सी२ वर, हत्ती बी१ वर, एक घोडा एफ३ ला. दुसरा घोडा मी सी३ वरून ए४ ला नेला. त्या चालीनं सी पट्टी मोकळी झाली. वजिरापुढून सी६ पर्यंत वाट सरळ होती आणि मी ज्या प्याद्यासाठी दीड तास झटत होते ते समोर फुकट उभं दिसत होतं.

काकांनी हत्ती ई८ वरून ई६ ला आणला. चाल केली, घड्याळ दाबलं, आणि ते चहा आणायला उठून गेले.

माझा हात वजिराकडे गेला. अगदी बोटं त्याच्या डोक्यापाशी होती. आमच्याकडे हात लावला की खेळावंच लागतं, पंच त्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. मी हात मागे घेतला तो काही दिसलं म्हणून नाही. काका उठून गेले म्हणून. काका चाल करून उठतात तेव्हा त्यांचा जीव निवांत असतो, हे मला दोन पराभवांनी शिकवलं होतं. सी६ जात असताना त्यांना निवांत कसं वाटतंय?

मी हाताची घडी घालून पट पुन्हा वाचला. त्यांचा काळ्या घरांचा उंट डी६ वर. त्याच्या डावीकडे, माझ्या बाजूनं बघता, सी६ चं प्यादं. उजवीकडे नुकताच आलेला हत्ती, ई६ वर. तिघे एकाच रांगेत. मी वजिरानं सी६ मारलं की उंट एच२ वर झेपावतो, प्यादं मारून शह देतो आणि त्याच क्षणी ई६ च्या हत्तीची नजर उघडते, सरळ माझ्या वजिरावर. शह आधी फेडावा लागणार. पुढच्या चालीला वजीर गेला. माझा हत्ती सी पट्टीवर असता तर निदान तो हत्ती तरी परत मिळाला असता. पण तो बी१ वर होता.

पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. मग डोकं शांत झालं.

एच३ खेळून भागणार नव्हतं. प्यादं हललं तरी उंट रिकाम्या एच२ वर येऊन शह देतोच. उंटाची वाटच बंद करायला हवी होती. मी जी३ खेळले. आता उंटानं काहीही केलं तरी शह नाही, आणि शह नसेल तर माझ्या वजिराला हलायला वेळ आहे. काका चहाचे दोन कप घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला, पटाकडे पाहिलं आणि खाली बसले. त्यानंतर वीस मिनिटं ते उठले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. माझा घोडा सी५ वर बसून ई६ च्या हत्तीवर आला, त्यांनी तो उंटानं मारला, मी वजिरानं परत घेतलं. दहाएक चालींत सी६ वर माझे तिघे झाले आणि राखायला त्यांचे दोघेच उरले. प्यादं पडलं. वजिरांची अदलाबदल झाली, घोडे गेले. मी ई४ करून मध्यावरची कोंडी फोडली, आणि डी पट्टीवर माझं एक प्यादं मोकळं झालं. त्याच्या वाटेत आणि शेजारच्या पट्ट्यांवर त्यांचं एकही प्यादं नाही. राजाच्या बाजूला दोघांची तीन-तीन. आणि एकेक हत्ती.

हत्तींच्या शेवटात एक प्यादं जास्त असणं म्हणजे जिंकणं नव्हे, हे प्रत्येक मंडळातला प्रत्येक माणूस सांगेल. काकांनी तर तिथे जीव ओतून बचाव केला. त्यांचा हत्ती माझ्या प्याद्याच्या मागे जाऊन बसला. मी प्यादं एक घर सरकवलं की ते राजाच्या बाजूला एकेक प्यादं बदलून घेत होते, कारण पटावरची प्यादी कमी झाली की बरोबरी जवळ येते. त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. चूक झाली ती एकाच जागी. माझं शेवटचं एच प्यादं मारायला त्यांनी हत्ती न पाठवता राजा पाठवला. तीन चाली. त्या तीन चालींत माझा हत्ती ई१ वर आला आणि त्यांचा राजा ई पट्टीच्या पलीकडे अडकला. त्याला माझ्या प्याद्यापुढे येऊन बसायचं होतं. ते आता जमणार नव्हतं. ई पट्टीवर जणू भिंत उभी होती.

मला इथे कळलं की आता काय येणार आहे. छातीत धडधडायला लागलं. घड्याळात माझी सहा मिनिटं, त्यांची चार. तीस सेकंदांची भर असली की शेवटपर्यंत चाली लिहाव्या लागतात, आणि माझ्या स्कोअरशीटवरचं त्या वेळचं अक्षर आज मलाच नीट लागत नाही. डी५. डी६. राजा पुढे. डी७. राजा डी८ वर.

आता मांडणी अशी: माझा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती ई१. काकांचा राजा एफ७, हत्ती सी२. दोन वर्षांपूर्वीचंच चित्र, पट्टी तेवढी वेगळी. राजा प्याद्याच्या पुढे कोंडलेला. सी पट्टीवर त्यांचा हत्ती, ई पट्टीच्या तोंडाशी त्यांचा राजा. आजूबाजूला आठ-दहा माणसं जमली होती, त्यात अण्णा. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

आधी त्यांचा राजा आणखी एक पट्टी दूर ढकलायचा. मी हत्ती एफ१ वर नेऊन शह दिला. राजा ई६ वर आला असता तर माझा राजा ई८ वर सरकून प्याद्याला वाट देणार होता. काकांनी राजा जी७ वर नेला.

आता ती चाल. हत्ती एफ४.

बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हळूच "आं?" केलं. राजा बाहेर पडायला मोकळा झालेला असताना ही हत्ती हलवतेय, असं वाटलं असेल. खरंच, ही चाल पहिल्यांदा पाहणाऱ्याला निरर्थक वाटते. ती कुणाला शह देत नाही, काही मारत नाही, कशावर येतही नाही. एफ पट्टीवर हत्ती होताच, तो तिथेच राहिला, फक्त तीन घरं वर आला. मी त्याला चौथ्या रांगेत ठेवलं, हात काढला, चाल लिहिली आणि पाण्याची बाटली उघडली.

काकांचा हत्ती सी१. थांबायची चाल, त्यांना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माझा राजा ई७ वर, पहिल्यांदा बाहेर. हत्ती ई१, शह. राजा डी६. हत्ती डी१, शह. इथे राजाला प्याद्यापासून तोडायचं नाही, जवळच ठेवायचं. मुलीबरोबर खेळताना मी शंभरदा चुकले ते इथेच. राजा ई६. हत्ती ई१, शह. आता राजा एक पायरी खाली, डी५.

काकांनी हत्ती उचलला, डी१ वर ठेवला आणि हळूच म्हणाले, "शह." क्लबात कुणी मोठ्यानं शह म्हणत नाही, म्हणायची गरजही नसते. पण ते जुन्या वळणाचे आहेत.

मी हत्ती एफ४ वरून उचलला आणि डी४ वर ठेवला. राजा आणि त्यांच्या हत्तीच्या बरोबर मधे. शह तिथेच अडला. त्यांनी हत्ती मारला तर मी राजानं मारणार आणि प्याद्याला अडवायला कुणीच उरत नाही. नाही मारला तर राजा मोकळा, पुढच्या चालीला प्यादं डी८ वर. पाच चालींपूर्वी उगीच उभा केल्यासारखा दिसलेला हत्ती याच घरासाठी तिथे येऊन थांबला होता.

घड्याळात काकांची दोन मिनिटं होती. ती त्यांनी बहुतेक सगळी वापरली. मग घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. अडुसष्ट चाली. दोन वाजले होते.

मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक फक्त "थँक्यू काका". स्कोअरशीटवर दोघांच्या सह्या झाल्या, पंचांनी निकाल लिहिला, पांढऱ्याच्या रकान्यात एक. माझी बोटं थरथरत होती. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीकडे निघून गेले. त्यांना बोलायचं नव्हतं, मलाही नव्हतं.

काकांनी मात्र मोहरी गोळा करू दिली नाहीत. पहिल्यांदा ते जी३ वर परत गेले. "इथंच तुला धरली होती मी," ते म्हणाले. "चहाला गेलो ते मुद्दाम. वाटलं, एकटी बसली की मारशील." त्यांचं निवांतपण खरं नव्हतं तर. ते मला दाखवण्यासाठी होतं, आणि मी त्यावरूनच सावध झाले हे त्यांना सांगितल्यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले.

हॉलमध्ये तोवर दुपारच्या वर्गाची मुलं यायला लागली होती. या वर्षी वर्गात मुलीच जास्त आहेत. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, त्यानंतर आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या आयांची रीघ लागली. मी लहान असताना आजोबा मला खाडिलकर भगिनींबद्दल सांगायचे. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली, ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. पण तेव्हा आमच्या गल्लीत पटासमोर बसणारी मुलगी मी एकटीच होते. आता दोन वेण्या घातलेल्या सातजणी आमच्या टेबलाभोवती उभ्या राहून विचारत होत्या, काकू, कोण जिंकलं?

"पांढरं," काकांनी मी बोलायच्या आत उत्तर दिलं. मग मला म्हणाले, "ते शेवटचं परत मांड. मला नीट कळलं नाही अजून."

मी मांडलं. राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१, त्यांचा राजा जी७, हत्ती सी२.

"असं नको," असं म्हणत त्यांनी पट फिरवला. पांढरी मोहरी त्यांच्याकडे गेली, काळा हत्ती माझ्यापुढे आला. "मी प्यादं नेतो. तू शह दे."

त्यांनी राजाच बाहेर काढला, ई७ वर. मी शह दिला. राजा डी६, मी शह दिला. राजा सी६, पुन्हा शह. चौथ्या शहाला ते थांबले, राजा परत डी८ वर ठेवला आणि माझा हत्तीही उचलून स्वतःच जागच्या जागी नेऊन ठेवला.

"हत्ती आधी," एक मुलगी मागून म्हणाली. तिनं सगळा शेवट उभ्यानं बघितला होता.

"किती वर?" काकांनी तिला विचारलं.

तिनं बोटांनी घरं मोजली. एक, दोन, तीन.

काकांनी हत्ती एफ४ वर ठेवला आणि माझ्या चालीची वाट बघत बसले.